मोटरसायकलीचा हिवाळा

मोटरसायकल हिवाळ्यात कशी ठेवावी, याबद्दल मी आता अधिकारवाणीने बोलू शकतो. असं म्हणायची संधी मला फार थोड्या विषयांत मिळते. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला ठाऊक असतं, की कुठल्याही विषयावर आपल्यापेक्षा जास्त कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं आहे. त्यामुळे तो सहसा गप्प बसतो. पण या विषयावरची आमच्या कुओपिओ शहराच्या ग्रंथालयातली चारही पुस्तकं मी वाचली आहेत, आणि त्या चारांपैकी एकाही लेखकाची मोटरसायकल शुक्रवारी संध्याकाळी सॉनाच्या वाटेत अडकलेली नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो.

गाडी मी जूनमध्ये घेतली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. लाल आहे. का घेतली ते विचारू नका. माझ्या बायकोने, सिर्काने, एकदाच विचारलं आणि माझं उत्तर अर्धं ऐकून ती बटाटे सोलायला निघून गेली. जून ते सप्टेंबर मी ती तळ्याकाठच्या रस्त्यावर साठच्या वेगाने फिरवली. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आता मे उजाडेपर्यंत तिला कुठेतरी ठेवावं लागणार. आमची इमारत अठरा घरांची. गॅरेज नाही.

"हे बघ आउलिस," सिर्का म्हणाली, "एक हिवाळा मी गप्प बसते. मे महिन्यात ती धड निघाली तर राहू दे. गंजली, मोडली, कुणाच्या पायावर पडली, तर विकायची आणि सोफ्याला नवं कापड घालायचं."

सोफ्याचं कापड खरोखरच विटलं होतं. म्हणजे ती नुसती धमकी नव्हती, योजना होती.

पहिला सल्ला तळमजल्यावरच्या रायमोचा. रायमोने तीस वर्षं बस चालवली, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल, चहाच्या ट्रॉलीसकट, शेवटचा शब्द त्याचा.

"टाकी गच्च भरून ठेव. रिकामी राहिली तर आतून गंजते. आणि बॅटरी घरात ने."

दोन पुस्तकं म्हणत होती टाकी भरा, दोन म्हणत होती रिकामी करा. रायमोचं मत धरून तीन विरुद्ध दोन झाले. मी लोकशाही मानणारा माणूस आहे. टाकी काठोकाठ भरली. बॅटरी कोठीत, रानबेरीच्या मुरंब्याच्या बरण्यांशेजारी ठेवली.

"ही काय पावाला लावून खायची?" सिर्काने विचारलं.

"तिला थंडी सोसत नाही."

"मलाही सोसत नाही. मला कधी कुणी कोठीत ठेवलं नाही ते."

गाडी आमच्या पार्किंगच्या जागेत ताडपत्रीखाली उभी केली. तिथे मोटारीचं इंजिन गरम करायचा विजेचा खांब आहे. मोटारच नसल्यामुळे आमचा खांब कित्येक वर्षं रिकामा होता, पण त्यावर कुणी बोललं नव्हतं. रिकाम्या जागेतला रिकामा खांब माणसं विसरतात. ताडपत्री दिसल्यावर मात्र सगळ्या इमारतीला तो दिसू लागला.

"बाहेर उणे अठरा, आणि खांब नुसता उभा," दुसऱ्या मजल्यावरच्या इंपीबाई म्हणाल्या. वय चौऱ्याऐंशी. स्वतःची मोटार नाही, कधी नव्हतीच. पण वाया जाणारी वस्तू त्यांना बघवत नाही. "पाप आहे हे, आउलिस."

मग बर्फ लोटणारा ट्रॅक्टर आला आणि गाडी दिसेनाशी झाली. मी अडीच तास फावड्याने खणून ती काढली. त्यातला पहिला पाऊण तास चुकीच्या ढिगात गेला, ज्यात झाडाची कुंडी निघाली. नंतर मी चारही बाजूंना चमकत्या पट्ट्यांच्या काठ्या रोवल्या. ट्रॅक्टरवाला सज्जन होता. तो पुढच्या वेळी काठ्यांना वळसा घालून गेला आणि माझ्या वाट्याचा बर्फ त्याने इमारतीच्या मागच्या भिंतीला नेऊन लावला. जुने ढीग मात्र काठ्यांभोवती तसेच राहिले, आणि माझी गाडी विहिरीत उभी असल्यासारखी दिसू लागली.

"असं नाही टिकणार ती," रायमो ताडपत्रीवर हात फिरवत म्हणाला. "फेब्रुवारीत उणे तीस होतं. खाली निवाऱ्यात ठेव ना!"

आमच्या इमारतीखाली, इथल्या बहुतेक इमारतींखाली असतो तसा, युद्ध झालं तर लपायचा निवारा आहे. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार. युद्ध नसतं तेव्हा त्यात आमच्या स्की, बाबागाड्या आणि टाकवत नाहीत असे दिवे असतात. कल्पना उत्तम होती. गाडी हलल्यावर त्याच संध्याकाळी रायमोची मोटार आमच्या खांबाला जोडलेली दिसली, पण म्हणून कल्पना वाईट ठरत नाही.

परवानगीसाठी सोसायटीचा चेअरमन कालेर्वो याच्याकडे गेलो. कालेर्वो फौजेत सार्जंट होता. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"ठेवता येईल असं मी म्हणत नाही," कालेर्वो म्हणाला. "पण ठेवता येणार नाही, असं कुणी म्हणालेलंही माझ्या कानावर नाही. पेट्रोल मात्र एक थेंब चालणार नाही."

आमच्या सावो प्रांतात याला लेखी परवानगी समजतात.

काठोकाठ भरलेली टाकी आता रिकामी करायची होती. पेट्रोल रायमोच्या मोटारीत गेलं. अकरा पायऱ्यांवर फळी टाकून आम्ही तिघांनी गाडी खाली उतरवली. पोलादी दारातून हँडल जाईना, म्हणून रायमोने ते सोडवलं, गाडी आत घेतली आणि हँडल सीटवर ठेवून दिलं. इथवर सगळं यथास्थित झालं. पुढची चूक माझी एकट्याची.

डिसेंबरात मी रोज दुपारी गाडीला भेटायला खाली जात असे. हँडल नसलेली गाडी बघवत नव्हती. शिंगं कापलेल्या रेनडिअरसारखी दिसायची. तिसऱ्या पुस्तकाचं सातवं प्रकरण समोर उघडून, पाना घेऊन, मी ते हँडल स्वतःच्या हातांनी बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट जोडली होती आणि एकही तुकडा उरला नव्हता. पुन्हा सैल होऊ नये म्हणून चारही नट मी अंगातलं सगळं बळ लावून आवळले. वर आलो तेव्हा सिर्का म्हणाली, "आज शिट्टी का वाजवतोयस?"

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी नऊ वाजता जिन्यात नोटीस लागली. दर दहा वर्षांनी निवाऱ्याची तपासणी होते. तपासनीस सोमवारी सकाळी नऊला येणार होता. त्याआधी निवारा पूर्ण रिकामा पाहिजे.

"पत्र कधी आलं होतं?" मी कालेर्वोला विचारलं.

"नोव्हेंबरात."

"मग आज सांगतोस?"

"बहात्तर तासांत निवारा रिकामा करता आला पाहिजे, असा नियम आहे. मी बरोबर बहात्तर तास दिले. शत्रू दोन महिने आधी पत्र पाठवतो का?"

चार वाजता लोक कामावरून आले आणि सामान वर जाऊ लागलं. कालेर्वो यादी घेऊन निवाऱ्यात उभा राहिला. पावणेपाचला माझ्या गाडीची पाळी आली. रायमो मागचं चाक धरून बाहेर, मी पुढे, निवाऱ्याच्या आत. दारासमोरचा बोळ अरुंद आहे. डावीकडे जिना, उजवीकडे बोळाच्या टोकाला सगळ्या इमारतीचा सॉना, वाफेने अंग शेकायची खोली. निवाऱ्याच्या बरोबर समोर कपडे वाळवायच्या खोलीचं दार. गाडी जिन्याकडे वळवायची म्हणून आम्ही ती तिरपी ओढली. मागचं चाक समोरच्या दाराला टेकलं, हँडल पोलादी चौकटीत आडवं रुतलं, आणि गाडी थांबली. पुढे जाईना, मागे येईना.

"हँडल आहे हिला," रायमो म्हणाला. "मी तर काढलं होतं."

"मी बसवलं."

रायमो गाडीवरून वाकून पाना लावायला गेला. नट हलेना. त्याने दोन्ही हातांनी जोर केला. मान लाल झाली.

"कुणी आवळलंय हे?"

"मीच."

"तू? ग्रंथालयात काय उचलायचास रे?"

"विश्वकोश," मी म्हणालो. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी लाजेच्या जोडीला थोडा अभिमानही वाटला.

आता परिस्थिती अशी होती. पोलादी दार बुटकं आणि त्यात हँडल आडवं, त्यामुळे निवाऱ्यात मी आणि कालेर्वो कोंडलेले. आमच्या मागे निम्म्या इमारतीचं सामान. बाहेर बोळ गाडीने बंद. आणि बंद बोळाच्या पलीकडे सॉना, शुक्रवारी संध्याकाळी.

सॉनाच्या पाळ्यांबद्दल एवढंच सांगतो, की आमच्या इमारतीत घटस्फोट झाले आहेत, पण शुक्रवारची पाळी कुणी सोडलेली नाही. आमची शुक्रवारी सहा ते सात, सव्वीस वर्षं. ती सिर्काच्या नावावर आहे. इंपीबाई शुक्रवारसाठी अकरा वर्षं यादीत पहिल्या आहेत. तोवर त्यांना मंगळवारी दुपारी तीन. मंगळवारी तीनला होतो त्याला सॉना म्हणत नाहीत, अंघोळ म्हणतात.

"घाबरायचं कारण नाही," कालेर्वो म्हणाला. "निवाऱ्याला संकटकालीन मार्ग आहे. भुयार. मागच्या भिंतीपाशी निघतं." तो गुडघ्यांवर भुयारात शिरला. आतून धडका मारल्याचे आवाज आले. दहा मिनिटांनी तो उलटा बाहेर आला, टोपी हातात. "झाकण उघडत नाही. वर बर्फ आहे. बराच आहे. कुणी टाकला तिथे?"

मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

पाच वाजले. रायमोने घड्याळ पाहिलं, पाना खाली ठेवला आणि वर गेला. आम्हाला वाटलं अवजारं आणायला गेला. तो परत आला तेव्हा अंगात बाथरोब, हातात बादली आणि सॉनात अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी.

"माझी पाळी आहे," तो म्हणाला.

"आणि आम्ही?" कालेर्वोने विचारलं.

"तुम्ही कुठे जाताय?"

पलीकडे जायचा मार्ग एकच होता. रायमोने सीटवर टांग टाकली. आता त्याने दुसरा पाय उचलून पलीकडे उतरायला हवं होतं. तो उतरला नाही. तीस वर्षं बस चालवलेला माणूस; बाथरोबमध्ये, बादली मांडीवर घेऊन, तो नुसता बसून राहिला. मग एक हात लांब करून त्याने टाकीवर थोपटलं.

"बसायला ऐसपैस आहे," तो स्वतःशीच म्हणाला आणि उतरून गेला.

साडेपाचपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. लोक जिन्यावर जमले. रायमो सॉनातून लालबुंद होऊन आला, तो सरळ मुद्द्यावर.

"हँडल कापू या. माझ्याकडे लोखंड कापायची करवत आहे. दहा मिनिटांचं काम."

"आणा," कालेर्वो आतून म्हणाला. "आणि सगळे जमलेच आहात, तर मी विशेष सर्वसाधारण सभा जाहीर करतो. विषय एक: हँडल कापणे. विषय दोन: गाडी इमारतीतून कायमची हलवणे."

"सभेची नोटीस दोन आठवडे आधी द्यावी लागते," मी म्हणालो. नियमावली मला पाठ आहे.

"आउलिस, तुझी गाडी माझ्या निवाऱ्याच्या घशात अडकलीय, आणि तू मला नियम सांगतोस?"

करवत आली. रायमोने पातं अंगठ्याने तपासलं. मे महिना, तळ्याकाठचा रस्ता, साठचा वेग, सगळं माझ्या डोळ्यांसमोर सोफ्याच्या कापडाच्या रूपात आलं. बहुधा करड्या. पात्याचा पहिला दात हँडलला लागला.

"नाही," मी म्हणालो.

मी सव्वीस वर्षांत त्या इमारतीच्या कुठल्याही सभेत एक शब्द बोललो नव्हतो. दरवर्षी कालेर्वो "कुणाचा विरोध?" विचारतो, तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो. त्यामुळे माझा आवाज लोकांनी ओळखला नसावा. जिन्यावर कुणीतरी विचारलंही, "कोण बोललं?"

"मी बोललो. हँडल कापायचं नाही. मी रात्रभर इथे राहीन. दोन दिवस राहीन. पण कापायचं नाही."

"मलाही राहावं लागेल ना रे!" कालेर्वो म्हणाला.

एवढ्यात गर्दी सारून इंपीबाई खाली आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं, रायमोच्या खांद्याचा आधार घेतला आणि टांग टाकून सीटवर बसल्या. चौऱ्याऐंशी वर्षं.

"पळते किती ही?"

"पुस्तकात एकशे दहा लिहिलंय," मी म्हणालो.

"पुस्तकाचं विचारलं नाही मी."

"मी... साठच्या पुढे गेलो नाही अजून."

"मग उपयोग काय?" त्यांनी पाय नीट टेकवले. "ऐका. मागचं चाक ज्या दाराला टेकलंय, ते दार माझं आहे. वाळवायच्या खोलीत माझे गालिचे आहेत, रविवारपर्यंत खोली माझ्या नावावर, आणि किल्ली इथे, खिशात. दार उघडलं की गाडी सरळ मागे जाईल. सरळ झाली की हँडल एका बाजूला वळवा, आपोआप सुटेल. तीस वर्षं बस चालवून हे कळू नये, रायमो!"

रायमोने करवत पाठीमागे नेली.

"मग उघडा ना, इंपीबाई," मी म्हणालो.

"उघडते. मे महिन्यापर्यंत राहू दे हवी तर तिथे. गरम आहे, कोरडं आहे. माझे गालिचे तिच्यावर घालीन." त्यांनी किल्ली काढून टाकीवर ठेवली, आणि तिच्यावर हात ठेवला. "शुक्रवारची सहाची पाळी मला द्या."

त्याच वेळी सहा वाजले, कारण सिर्का जिना उतरून आली. बाथरोब, केसांना टॉवेल, टोपलीत दोन बिअर आणि कागदात गुंडाळलेलं सॉसेज. सगळ्यांनी तिला वाट दिली. इंपीबाईंनी अट पुन्हा एकदा सांगितली. पाळी माझी नव्हती. आणि जिची होती तिला सोफ्याला कापड हवं होतं.

सिर्काने करवत पाहिली. मग मला.

"हा म्हणे 'नाही' म्हणाला?"

"दोनदा," कालेर्वो म्हणाला. "मला कोंडून."

"मोठ्याने?"

"जिन्यापर्यंत ऐकू गेलं," रायमो म्हणाला.

सिर्का थोडा वेळ टोपलीतल्या सॉसेजकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांचे शुक्रवार मोजायला तेवढा वेळ कमीच आहे.

"आजचा शुक्रवार आमचा," ती म्हणाली. "पुढच्यापासून तुमचा. आणि गाडीवर गालिचे घालायचे ते ओले नाहीत, वाळलेले. तिला गंज चढता कामा नये."

"मान्य," इंपीबाई म्हणाल्या आणि किल्लीवरून हात उचलला.

सहा वाजून बारा मिनिटांनी गाडी वाळवायच्या खोलीत गेली, चार गालिच्यांच्या मधून, एखाद्या नवरीसारखी. कालेर्वो बाहेर आला आणि फावडं घेऊन इमारतीच्या मागे गेला. शनिवारी आम्ही सगळ्यांनी मिळून ते झाकण मोकळं केलं. सोमवारी तपासनिसाने भुयार आधी पाहिलं, आणि कालेर्वोने ते असं उघडून दाखवलं जणू रोज सकाळी तो त्यातूनच दूध आणायला जातो. निवारा पास झाला. माझे त्याने आभार मानले नाहीत. पण सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात विषय दोन कुठेच नव्हता, हे मी तपासून घेतलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी तीनला, इंपीबाईंच्या जुन्या पाळीला, आम्ही दोघं टोपली घेऊन खाली उतरलो. मनात मी तिची माफी मागायची वाक्यं जुळवत होतो. तीन तयार होती, तिन्ही लांब. सॉना तापलेला होता. दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, चार वाजले आणि कुणी दार ठोठावलं नाही. चारची पाळी कुणाची नव्हतीच. पाचचीही नव्हती. शुक्रवारी सव्वीस वर्षं आम्ही सात वाजायला पाच मिनिटं असताना पायमोजे शोधत आलो होतो.

वाफेतून उठून अंग निववायला आम्ही पूर्वी अंगणातल्या बाकावर जायचो. बाहेर उणे एकतीस होतं. मधल्या बोळात सिर्का थबकली, वाळवायच्या खोलीचं दार तिने ढकललं. इंपीबाईंचे गालिचे दोरीवर होते, गाडी मोकळी होती. मी टॉवेल सावरून पुढे बसलो. सिर्का मागे बसली, एका हाताने तिने मला बिअर दिली, दुसरा हात माझ्या कमरेभोवती टाकला. दोघांच्या अंगातून वाफा निघत होत्या. मी मोकळ्या हाताने हँडल धरलं. माझ्या मते आम्ही ऐंशीच्या आसपास असू.

तेवढ्यात दार सताड उघडलं. कालेर्वो, काखेत ओल्या चादरींचं बोचकं. त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठे निघालात?"

मी टॉवेल ओढत काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण माझ्या पाठीमागून, खांद्यावर हनुवटी टेकून, सिर्का म्हणाली,

"दार लाव, कालेर्वो. वारा लागतोय."